मेंदूतील रासायनिक दूत : शिकणे, ओढ आणि निर्णय

एखाद्या मुलाला सतराचा पाढा घरी बिनचूक म्हणता येतो. वर्गात उभे केले की मात्र तोच पाढा सतरा पंचे पंच्याऐंशीपाशी अडतो. हातावर छडी बसेल अशी धास्ती असेल, तर तेवढाही आठवत नाही. दुसरे एखादे मूल, कोणी सांगितलेले नसताना, एकच कोडे सुटेपर्यंत रात्री उशिरापर्यंत घेऊन बसते. पहिल्याला आपण भित्रा म्हणतो आणि दुसऱ्याला जिद्दी. अशी नावे दिली म्हणजे आपले समाधान होते. परंतु भीतीने आठवण का अडावी आणि गोडीने शिकणे का सुलभ व्हावे, ह्याचे कारण त्या नावांतून कळत नाही.

ह्या कारणाचा शोध घेणारे काही महत्त्वाचे प्रयोग आपल्याच देशात, बेंगळुरू येथे झाले आहेत. १९५४ साली त्या शहरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये ही संस्था व तेथील जुने मनोरुग्णालय ह्यांचे एकत्रीकरण होऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था अस्तित्वात आली. 'निम्हान्स' ह्या संक्षिप्त नावाने ती आज सर्वपरिचित आहे. बक्षिसाचा आणि भीतीचा अनुभव मेंदूवर कोणती खूण ठेवून जातो, हा प्रश्न तेथील संशोधकांनी हाती घेतला. त्यांना मिळालेले उत्तर समजून घेण्यासाठी प्रथम मेंदूचे काम कसे चालते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

मज्जापेशी आणि त्यांचे दूत

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. मज्जापेशीचा आकार पावसाळ्यापूर्वीच्या निष्पर्ण झाडासारखा असतो. तिच्या मुख्य भागातून अनेक फांद्या फुटलेल्या असतात. त्यांना शाखिका म्हणतात. शाखिकांच्या द्वारे पेशी इतर पेशींचे संदेश स्वीकारते. एक लांब तंतू मात्र संदेश बाहेर पाठविण्यासाठी असतो. त्याला अक्षतंतू असे नाव आहे. अनेक पेशींच्या शाखिकांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात. दुसऱ्या पेशीशी होणारा संपर्क पुष्कळदा ह्या काट्यांवरच होतो.

दोन पेशी संपर्कस्थानी एकमेकींना अगदी चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. अक्षतंतूमधून विद्युत्संदेश टोकापर्यंत येतो, पण ही फट तो सहसा ओलांडू शकत नाही. तेथे एक रासायनिक द्रव्य स्रवते, फटीतून पलीकडे जाते आणि दुसऱ्या पेशीवरील ठरावीक जागी, कुलपात किल्ली बसावी त्याप्रमाणे बसते. अशा द्रव्यांना रासायनिक दूत म्हणणे योग्य होईल.

हे दूत दोन रीतींनी काम करतात. ग्लुटामेट आणि गाबा ही द्रव्ये टपालवाल्यासारखी आहेत. ती पत्र नेमक्या घरी पोहोचवितात. ग्लुटामेट पुढच्या पेशीला उत्तेजित करते, तर गाबा तिला आवरून धरते. डोपामाइन, नॉरअॅड्रेनलिन, सिरोटोनिन आणि अॅसिटिलकोलिन ह्यांची रीत पुष्कळशी गावात पिटल्या जाणाऱ्या दवंडीसारखी आहे. ही द्रव्ये तयार करणाऱ्या पेशी थोड्या असतात. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी ८६ अब्जांपैकी केवळ काही लाखच भरतात. परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या विस्तृत भागात पसरलेले असल्यामुळे त्यांची वार्ता एकाच वेळी असंख्य पेशींना कळते. 'सावध राहा', 'हे लक्षात ठेवा', 'थोडे थांबा' अशा प्रकारची ती वार्ता असते.

शिकणे म्हणजे पेशींमधील संपर्क बदलणे होय. १९७३ साली ब्लिस व लोमो ह्या संशोधकांनी सशाच्या मेंदूवरील प्रयोगांत असे दाखविले की, एखाद्या मार्गाने जोरदार विद्युत्संदेश वारंवार पाठविले म्हणजे त्या मार्गावरील संपर्क पुढे कित्येक तास अधिक बळकट राहतो. हा प्रयोग हिपोकॅम्पस नावाच्या भागावर केलेला होता. समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग नवी माहिती, विशेषतः स्थळांची व प्रसंगांची आठवण, साठविण्याच्या कामी अत्यावश्यक असतो. तथापि दिवसभरात मेंदूतून असंख्य संदेश जातात. त्यांतील कोणते मार्ग पक्के करावयाचे आणि कोणते सोडून द्यावयाचे? हे ठरविण्याच्या कामी दवंडी पिटणारे दूत उपयोगी पडतात.

सर्पगंधेने दाखविलेली वाट

डोपामाइनचे महत्त्व ध्यानात येण्यास एक भारतीय वनस्पती कारणीभूत झाली. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे फार पूर्वीपासून औषधात वापरले जाते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद आणि रक्तदाब ह्यांवरील तिच्या गुणाची माहिती प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले, आणि जगाचे लक्ष ह्या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील रेसर्पिन हे प्रभावी द्रव्य वेगळे केले.

रेसर्पिन दिलेला ससा निश्चल होतो आणि त्याचे कान गळून पडतात. १९५७ साली स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सशांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. शरीरात डोपापासून डोपामाइन बनते. तोपर्यंत डोपामाइन हा नॉरअॅड्रेनलिन तयार होण्याच्या वाटेवरील केवळ एक टप्पा आहे, असे समजले जात असे. तो स्वतःच एक दूत आहे, हे आता स्पष्ट होऊ लागले. ह्या क्षेत्रातील कार्याबद्दल कार्लसन ह्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा रोग, झालेल्या माणसांच्या मेंदूतील डोपामाइन बनविणाऱ्या पेशी नष्ट होत जातात, हेही ह्याच सुमारास सिद्ध झाले. म्हणून डोपा हे त्या रोगावरील प्रमुख औषध ठरले. आपल्याकडे रानात व कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते. दामोदरन आणि रामस्वामी ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ सालीच त्या बियांतून वेगळे केले होते; मेंदूशी असलेला त्याचा संबंध मात्र वीस वर्षांनी उमगला. अशी द्रव्ये बेताने दिली तर औषध आणि बेसुमार घेतली तर अपाय ठरतात. वैद्यकीय सल्ल्यावाचून त्यांचा उपयोग कोणीही करू नये.

कळ दाबणारा उंदीर

बेंगळुरूची संस्था ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर ह्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी उंदराच्या मेंदूच्या खोल भागात बारीक तार बसविली होती. पिंजऱ्यातील कळ दाबली की त्या तारेतून अतिशय सौम्य विद्युत्प्रवाह क्षणभर वाहत असे. तार विशिष्ट जागी बसलेली असली, म्हणजे उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा, तासाला शेकडो वेळा दाबीत असे. त्याबद्दल त्याला अन्न मिळत नसे आणि पाणीही मिळत नसे. मेंदूला स्वतःच दिलेली ही चालना हेच त्याचे बक्षीस होते. ह्या क्रियेला स्वयंउत्तेजन असे म्हणतात.

ह्या जागांना प्रथम 'सुखकेंद्र' असे नाव मिळाले, आणि ज्या मार्गांवर डोपामाइन काम करते त्यांच्याशी त्यांचा संबंध असल्याचे दिसल्यावर डोपामाइन हे 'सुखाचे द्रव्य' म्हणून प्रसिद्ध झाले. ही समजूत अजूनही प्रचलित आहे. परंतु ती पुरती बरोबर नाही. अमेरिकेतील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामाइन जवळजवळ उरलेले नव्हते, अशा उंदरांचे निरीक्षण केले. समोर अन्न असूनही हे उंदीर आपण होऊन खात नसत. मात्र जिभेवर साखरपाणी सोडले, तर ते नेहमीसारखीच समाधानाची चिन्हे दाखवीत. गोड त्यांना आवडत होते. त्या गोडासाठी उठावे, एवढी प्रेरणा मात्र त्यांच्या ठायी नव्हती. आवड आणि ओढ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामाइनचा संबंध मुख्यतः ओढीशी आहे.

अपेक्षा आणि अनुभव

डोपामाइन शिकवते ते कसे, ह्याचे स्पष्टीकरण वुल्फ्राम शुल्ट्झ ह्यांच्या माकडांवरील प्रयोगांतून मिळाले. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब दिला, म्हणजे त्याच्या डोपामाइन-पेशी जोराने संदेश सोडीत. पुढे रस देण्यापूर्वी प्रत्येक वेळी दिवा लावण्यास सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच संदेश सोडू लागल्या, आणि रस मिळाल्यावर मात्र स्वस्थ राहू लागल्या. दिवा लावूनही रस दिला नाही, तर रस यावयाच्या नेमक्या क्षणी पेशींचे संदेश नेहमीपेक्षाही कमी होत.

घरगुती उदाहरण घेतले तर ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. एके शनिवारी संध्याकाळच्या एसटीने मामा अचानक येतो आणि भाच्याच्या हातावर पेढा ठेवतो. मुलाला पेढ्याचा आनंद होतो. दर शनिवारी असे घडू लागले, की एसटीचा भोंगा ऐकूनच त्याचा जीव हरखतो. पेढ्याचे आता नवल राहत नाही. एखाद्या शनिवारी भोंगा वाजतो, परंतु मामा उतरत नाही. पेढा न मिळणे हे इतर दिवशी मुळीच दुःखाचे नसते. त्या दिवशी मात्र ते दुःखाचे होते.

म्हणजे डोपामाइन-पेशी बक्षीस मोजीत नाहीत. अपेक्षा आणि अनुभव ह्यांतील अंतर त्या मोजतात. अपेक्षेहून अधिक मिळाले, तर त्या क्षणापूर्वी जे केले ते पुन्हा करण्याकडे कल वाढतो. अपेक्षेहून कमी मिळाले, तर तो कल घटतो. अपेक्षेइतकेच मिळाले, तर नवे शिकण्यासारखे काही उरत नाही. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू ह्यांनी ही उपपत्ती गणिताच्या भाषेत मांडली.

निर्णयाचा तराजू

प्रत्येक निर्णयात पूर्वीच्या अनुभवांचे माप एका पारड्यात असते. २००४ साली मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांची पाहणी केली. औषध घेतलेले नसताना हे रोगी तोट्यापासून अधिक चांगले शिकत. औषध घेतलेले असताना तेच लाभापासून अधिक चांगले शिकत. माणूस तोच; केवळ एका द्रव्याचे प्रमाण बदलल्याने त्याच्या तराजूचा काटा कलला होता. डोपामाइनसारखे काम करणारी काही औषधे घेणाऱ्या थोड्या रोग्यांना जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची अनिवार इच्छा होते, असेही आढळले आहे. औषध बदलले किंवा कमी केले की ती बहुधा ओसरते.

अनिश्चित लाभाची ओढ विशेष प्रबळ असते. रस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता सारखीच असताना माकडाच्या डोपामाइन-पेशी वाट पाहण्याच्या काळात सर्वाधिक क्रियाशील असतात, असे २००३ मधील एका अभ्यासात दिसले. सोडतीचे तिकीट घेणाऱ्याचा किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे घडोघडी पाहणाऱ्याचा हात का थांबत नाही, ह्याचा काही उलगडा ह्यातून होतो. भ्रमणध्वनी आणि आंतरजाल ह्यांच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी निम्हान्समध्ये २०१४ साली स्वतंत्र उपचारकेंद्र उघडण्यात आले.

तराजूवर एकट्या डोपामाइनचा हात नसतो. उशिरा मिळणाऱ्या लाभासाठी धीर धरण्याच्या कामी सिरोटोनिनचा वाटा असल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. नॉरअॅड्रेनलिन सावधपणा आणते आणि अॅसिटिलकोलिन लक्ष एकाग्र करण्यास साहाय्य करते. 'अमुक द्रव्य म्हणजे सुख' किंवा 'तमुक द्रव्य म्हणजे धैर्य' अशी सोपी समीकरणे म्हणूनच फसवी ठरतात.

बेंगळुरूची निरीक्षणे

आता निम्हान्समधील प्रयोगांकडे वळू. तेथील मज्जाशरीरक्रियाविज्ञान विभागात टी. देसिराजू, बी. एल. मेती, टी. आर. राजू, बी. एस. शंकरनारायण राव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी स्वयंउत्तेजनाचा अभ्यास केला. उंदीर कळ दाबतो, हे सर्वांना ठाऊक होते. कळ दाबून झाल्यावर त्याच्या मज्जापेशींत काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता.

वयात आलेल्या उंदरांना दररोज एक तास, ह्याप्रमाणे दहा दिवस, कळ दाबून स्वतःच्या मेंदूला चालना घेऊ देण्यात आली. त्यानंतर त्यांच्या मज्जापेशी गोल्जी रंजनपद्धतीने तपासल्या. इटलीतील कामिल्लो गोल्जी ह्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, चांदीच्या क्षारांमुळे मेंदूच्या कापातील थोड्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण दिसतात. त्यामुळे एकेका पेशीच्या फांद्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. हे काम अत्यंत चिकाटीचे आहे.

१९९३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता : स्वयंउत्तेजन घेतलेल्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या बाह्यकातील पेशींना इतर उंदरांच्या पेशींपेक्षा अधिक शाखिका फुटलेल्या होत्या. पुढील अभ्यासांत शाखिकांवरील काट्यांतही बदल आढळले, आणि कळ दाबणे थांबल्यानंतरही रचनेतील हे बदल दीर्घकाळ टिकून राहतात, असे दिसले. १९९८ मध्ये रासायनिक तपासणीचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. ह्या दोन्ही भागांत नॉरअॅड्रेनलिन, डोपामाइन आणि ग्लुटामेट ह्यांचे प्रमाण वाढले होते. अॅसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या वितंचकाची क्रियाही वाढली होती. सिरोटोनिन व गाबा ह्यांचे प्रमाण मात्र वाढले नव्हते. म्हणजे सर्वच दूत एकदम वाढले असे नव्हे. काही ठरावीक दूतच वाढले होते.

पेशींच्या फांद्या वाढल्या, तरी त्याचा उंदराला उपयोग काय? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ह्याचे उत्तर मिळाले. स्वयंउत्तेजनाचा अनुभव घेतलेले उंदीर कळ दाबून फळ मिळविण्याचे आणि जागा ध्यानात ठेवून वाट शोधण्याचे नवे काम इतरांपेक्षा लवकर शिकले व ते अधिक चांगले करू लागले. बक्षिसाचा अनुभव त्या घटकेपुरता राहिला नाही. पुढच्या शिकण्यासाठी त्याने जमीन तयार करून ठेवली.

भीतीची खूण

भीतीचा आणि ताणाचा परिणाम ह्याच्या उलट होतो. उंदराला दररोज सहा तास, ह्याप्रमाणे २१ दिवस, हालचाल करता येणार नाही अशा अरुंद जागेत ठेवले, तर हिपोकॅम्पसमधील पेशींच्या शाखिका आखडतात आणि वाटा ध्यानात ठेवण्याची त्याची शक्ती उणावते.

बेंगळुरूच्या उत्तर भागात, कृषी विद्यापीठाच्या आवारात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथील सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्हान्सच्या शंकरनारायण राव ह्यांच्यासह २००२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. हिपोकॅम्पसच्या शेजारी बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात, आणि भीतीचे अनुभव शिकणे व जतन करणे ह्यांत त्याचा मोठा वाटा असतो. दररोज दोन तासांचा ताण दहा दिवस दिल्यावर हिपोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या. अमिग्डलातील पेशींच्या फांद्या मात्र वाढल्या. एकच ताण आठवणीचे झाड खुरटवीत होता आणि भीतीचे झाड फोफावू देत होता.

ताण थांबला म्हणजे सारे पूर्ववत होते काय? हिपोकॅम्पसमधील आखडलेल्या शाखिका विश्रांतीनंतर पुष्कळशा पूर्ववत होतात, हे इतरत्र झालेल्या अभ्यासांवरून ठाऊक होते. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या २००४ मधील अभ्यासात अमिग्डलाची वाढ मात्र २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही कायम राहिली, आणि उंदरांच्या वागण्यातील धास्तीही कमी झाली नाही. भीती शिकवावयास थोडे दिवस पुरतात; ती विसरावयास तेवढे दिवस पुरत नाहीत.

ह्या दोन संशोधनप्रवाहांचा संगम २००८ साली निम्हान्समधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाला. ताणामुळे ज्यांची स्मृती बिघडली होती, अशा उंदरांना स्वयंउत्तेजनाचा अनुभव घेऊ देण्यात आला. त्यांच्या हिपोकॅम्पसमधील आखडलेल्या शाखिका पुन्हा वाढल्या, रासायनिक दूतांच्या प्रमाणातील बिघाड दुरुस्त झाला, आणि वाट शोधण्याच्या परीक्षेत ते पुन्हा नीट उतरू लागले. बिघडलेला मेंदू कायमचाच बिघडलेला असतो, ही जुनी निराशा ह्या निष्कर्षाने बरीच दूर केली.

शाळेसाठी बोध

उंदराचा मेंदू हा मुलाचा मेंदू नव्हे, आणि तारेतून मिळणारी चालना ही शाबासकी नव्हे. ह्या प्रयोगांवरून शिक्षणाचे नियम थेट काढणे घाईचे होईल. परंतु मज्जापेशींची घडण, दूत म्हणून काम करणारी द्रव्ये आणि हिपोकॅम्पस व अमिग्डला हे भाग उंदरात आणि माणसात पुष्कळ अंशी समान आहेत. ताणाच्या प्रसंगी शरीरात वाढणारी संप्रेरके माणसाच्याही स्मरणाला अडथळा करतात, हे स्वतंत्रपणे आढळून आले आहे. फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला पाढा येत नसतो, असे नाही. धास्तीमुळे तो त्याला सापडत नसतो.

शिक्षकांना आणि पालकांना ह्यातून काही गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. शाबासकी नेमक्या वेळी, नेमक्या कृतीबद्दल मिळावी; दररोज ठरल्याप्रमाणे वाटलेल्या खाऊतून मेंदूला नवे काही कळत नाही. काम मुलाच्या आवाक्याच्या किंचित पुढचे असावे, म्हणजे 'मला जमले' हा अनुभव अपेक्षेहून मोठा ठरतो. चूक ही अपेक्षा आणि अनुभव ह्यांतील अंतर दाखविते, म्हणून ती शिकण्याचे साधन आहे. तिच्यावर छडी उगारली, तर मूल चुकीपासून शिकण्याऐवजी छडीपासून शिकते. आणि ते शिकणे फार काळ टिकते.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्यांना मनाई केली. दयाबुद्धीने जे योग्य वाटत होते, त्याला बेंगळुरूच्या प्रयोगशाळांतील निरीक्षणांनी आणखी एक आधार दिला आहे. मुलाशी आपण जसे वागतो, त्याचा परिणाम त्याच्या मनावर होतो असे आपण म्हणतो. तो मज्जापेशींच्या फांद्यांवरही होत असावा, असे मानण्यास ह्या प्रयोगांनी सबळ कारण दिले आहे. सतराचा पाढा अडखळत का होईना पूर्ण म्हणू देणारा वर्ग त्या दिवशी केवळ एक पाढा शिकवीत नाही. पुढच्या पाढ्यांसाठी तो जमीन तयार करीत असतो.

विचारासाठी प्रश्न

१. 'टपालवाला' आणि 'दवंडी' ह्या उपमांच्या साहाय्याने रासायनिक दूतांचे दोन प्रकार स्पष्ट करा.

२. आवड आणि ओढ ह्यांतील फरक कोणत्या प्रयोगावरून दिसून येतो?

३. दर शनिवारी मामा पेढ्यांऐवजी कधी पेढा, कधी पुस्तक आणि कधी काहीच आणीत नसता, तर भाच्याच्या अपेक्षेत कोणता बदल झाला असता?

४. सारख्याच ताणाचा हिपोकॅम्पस आणि अमिग्डला ह्यांवर कोणता वेगवेगळा परिणाम झाला? विश्रांतीनंतर काय दिसले?

५. उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष माणसाला लावताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे?